कोकणातल्या घरासाठी पावसाची साखळी: धातू कोणता घ्यावा

पन्हळीच्या तोंडाला पाइपऐवजी साखळी टांगली की पाणी कड्याकड्यांवरून किंवा छोट्या वाट्यांमधून ओघळत खाली येतं. जपानमधल्या घरांना आणि देवळांना अशा साखळ्या फार जुन्या काळापासून आहेत. आता त्या आपल्याकडच्या होमस्टेंच्या पडव्यांवर आणि बंगल्यांच्या पोर्चवरही दिसू लागल्या आहेत. घेताना बहुतेक जण आधी नक्षी बघतात, मग लांबी, मग किंमत. धातूचा प्रश्न दुकानदाराच्या 'काही होत नाही हो, वर्षानुवर्षं टिकते' एवढ्यावर मिटतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने सुरुवात नेमकी तिथून करायला हवी.

साखळी पावसाची असली तरी तिला खातो तो उन्हाळा. जपानात थोडाफार पाऊस बाराही महिने पडतो, त्यामुळे धातूवर बसलेलं मीठ अधूनमधून धुऊन जातं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर साखळीवरून पाणी वाहतं आणि ऑक्टोबर ते मे ती कोरडी टांगलेली असते. त्या आठ महिन्यांत दुपारचा खारा वारा मिठाचे बारीक कण आणून तिच्यावर बसवत राहतो. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ आपोआप ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही पाणी ओढतात. किनाऱ्यावर पहाटेची आर्द्रता एवढी असणं नेहमीचंच. म्हणजे रात्री धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर चढतो, दुपारी तो वाळून जास्त खारट होतो, रात्री पुन्हा ओला. त्यातही वळचणीखाली असलेला साखळीचा वरचा हातभर भाग अवकाळीच्या सरीतसुद्धा धड भिजत नाही. बहुतेक साखळ्यांचं दुखणं सुरू होतं ते याच हातभरात.

आधी आपली जागा ओळखा

'कोकण' म्हणजे एकच हवा नव्हे. देवबाग-तारकर्लीला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, तिथलं घर आणि कणकवली किंवा लांज्यातलं घर यांना एकच सल्ला देता येणार नाही. ढोबळमानाने तीन पट्टे धरा. पहिला समुद्राच्या थेट समोरचा, लाटांपासून साधारण ५०० मीटरपर्यंत: हर्णे, गुहागर, गणपतीपुळे, आचरा, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यालगतची घरं. दुसरा त्यामागचा दोन-तीन किलोमीटरचा आणि खाडीकाठचा. तिसरा डोंगराआडचा. नकाशावरच्या अंतरापेक्षा मधे काय आहे ते जास्त महत्त्वाचं असतं. सुरूची किंवा माडांची दाट रांग बरंचसं मीठ अडवते. उलट, सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, उघडं घर किनाऱ्यापासून लांब असूनही खारा वारा सरळ अंगावर घेतं.

खात्री करायची सोपी रीत आहे. जानेवारीत दोन लोखंडी खिळे आणि जस्त चढवलेल्या तारेचा एक तुकडा, सगळे नवे, दोऱ्याने पश्चिमेकडच्या वळचणीखाली पाऊस लागणार नाही असे टांगा. मे अखेरीला काढून बघा. तार नुसती मळकट पांढरी झाली असेल तर हवा सौम्य आहे. तारेवर तांबूस ठिपके आले असतील आणि खिळ्यांचे पापुद्रे सुटत असतील तर तुम्ही पहिल्या पट्ट्यात आहात, नकाशा काहीही म्हणो. एवढा धीर नसेल तर घराच्या पश्चिमेकडच्या खिडकीचे गज आणि एसीच्या बाहेरच्या युनिटचे स्क्रू बघा. तेही तेच सांगतात.

आकड्यांत बोलायचं तर गंजाच्या वर्गवारीचं आयएसओ ९२२३ हे मानक आहे. त्यातल्या 'सी ५' या कडक गटात, म्हणजे ढोबळमानाने आपल्या पहिल्या पट्ट्यात, पहिल्या वर्षात साधं लोखंड ८० ते २०० मायक्रॉन झिजतं, जस्त ४.२ ते ८.४ मायक्रॉन आणि तांबं २.८ ते ५.६ मायक्रॉन. १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढचा बराच हिशेब त्यांच्यावरच आहे.

तांबं

बजेट असेल आणि घर राहतं असेल तर तांबंच घ्या. ०.७ मिमी जाडीच्या पत्र्याची वाटी दोन्ही बाजूंनी वर्षाला पाच-पाच मायक्रॉन झिजली तरी निम्मी व्हायला पस्तीस वर्षं लागतील, आणि प्रत्यक्षात वरचा थर बसला की झीज आणखी मंदावते. तो थर आधी तपकिरी, मग काळपट आणि किनाऱ्यावर साधारण पाच-सात वर्षांत हिरवा होतो. वळचणीखालच्या भागात त्याहून उशिरा. खाडीच्या चिखलावरून वारा येत असेल तर त्यातल्या गंधकी वायूमुळे तांबं लवकर काळं पडतं. त्याने नुकसान काही होत नाही, पण दुकानातला लालसर रंग हवा म्हणून कोणी तांबं घेत असेल तर त्याने आधीच विचार करावा. लाखेचा किंवा लॅकरचा हात देऊन तो रंग फार दिवस टिकत नाही. कडी एकमेकांवर घासतात तिथला लेप आधी उडतो, तिथूनच पाणी आत शिरतं, आणि लेपाखाली डाग पसरत जातात. उघडं तांबं याहून बरं दिसतं.

तांब्याची खरी अडचण त्याच्यावरून उतरणाऱ्या पाण्यात आहे. त्या पाण्यात विरघळलेलं तांबं असतं आणि ते खाली जिथे पडेल तिथे परिणाम करतं. चुना लावलेल्या भिंतीवर आणि पांढऱ्या सिमेंटवर निळसर-हिरवे ओघळ उठतात. जांभ्याच्या उघड्या चिऱ्यात ते मुरतात, चिरा सच्छिद्र असल्याने नंतर घासून निघत नाहीत. म्हणून साखळी भिंतीपासून निदान ३० सेमी लांब हवी. खाली जस्ताची बादली, जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) जाळी किंवा अॅल्युमिनियमचं टोपलं ठेवू नका. पाण्यातलं तांबं जस्त-अॅल्युमिनियमवर बसतं आणि त्या ठिकाणी बारीक भोकं पाडतं. दगडी दोणी, मातीची कुंडी, सिमेंटचा हौद किंवा जुनं तांब्याचंच घंगाळ चालेल. कमळाच्या कुंडीत गप्पी मासे सोडलेले असतील तर तांब्याचं पाणी तिथे अजिबात नको. पावसाच्या मऊ पाण्यात तांब्याचा थोडा अंशही माशांना आणि गोगलगायींना सोसत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. घर चाकरमान्याचं असेल आणि गणपती-शिमगा सोडून बंदच राहत असेल तर तांबं टांगून जाणं शहाणपणाचं नाही. मोडीत तांब्याला कायम चांगला भाव मिळतो आणि हे चोरालाही ठाऊक असतं. अशा घराला ३१६ स्टेनलेस घ्यावी, किंवा सप्टेंबर संपला की साखळी काढून आत ठेवावी.

स्टेनलेस स्टील: नंबर विचारल्याशिवाय घेऊ नका

'एसएस आहे' हे उत्तर नव्हे. बाजारात सजावटीच्या मालात २०२, ३०४ आणि ३१६ असे तीन नंबर भेटतात आणि नवे असताना तिघांची चमक सारखीच असते. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. ते स्वस्त पडतं आणि खाऱ्या हवेत लवकर तांबूस होतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये त्याबरोबर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठापुढे तग धरायचं काम तेच करतं. पहिल्या पट्ट्यात ३१६ हवं. दुसऱ्या पट्ट्यात ३०४ चालेल, पण त्यावर चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग येणार हे धरून चला. डाग वरवरचे असतात, घासल्यावर जातात. तिसऱ्या पट्ट्यात ३०४ पुरे. २०२ घराबाहेर कुठेच नको.

चुंबक लावून '३०४ आहे की नाही' ओळखता येतं हा समज सगळीकडे आहे, तो सोडून द्या. २०२, ३०४ आणि ३१६ या तिन्हींना चुंबक जवळजवळ चिकटत नाही, आणि ३०४ ची तार वाकवून कडी केली की तिला थोडा चिकटूही शकतो. फरक कळायला मॉलिब्डेनम ओळखणारं थेंबाचं किट लागतं. मोठ्या शहरांत स्टीलचे व्यापारी ते ठेवतात आणि समोर थेंब टाकून दाखवतात. नाहीतर बिलावर '३१६' लिहून घ्या आणि कच्च्या मालाचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. द्यायला काचकूच करणाऱ्याकडून माल घेऊ नका.

चांगल्या नंबरची साखळीही जोडावर गंजू शकते. कडीचं तोंड वेल्ड केलं की शेजारी निळी-तपकिरी झाक येते. तेवढ्या भागात स्टीलचं संरक्षण गेलेलं असतं. फॅब्रिकेटरने तिथे पिकलिंग पेस्ट, म्हणजे ती झाक काढणारा आम्लाचा लेप, लावून ती भरपूर पाण्याने धुवायला हवी, नुसतं बफिंग पुरत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ज्या चाकाने काल लोखंडी गेट घासलं त्याच चाकाने आज स्टेनलेस कडी घासायची. लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि पहिल्याच पावसात प्रत्येक कण गंजाचा ठिपका होतो. गिऱ्हाईक म्हणतं स्टील खोटं, फॅब्रिकेटर म्हणतो हवा खराब. दोघेही चूक. काम देतानाच 'चाक नवं वापरा' असं सांगा.

पितळ आणि कांसं

पितळ दिसायला देखणं, आणि कासाराकडे हवा तो घाटही मिळतो. पण पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं. खाऱ्या ओलाव्यात ते जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे गुलाबी, भुसभुशीत तांबं उरतं. कडीचा आकार तसाच राहतो, ताकद गेलेली असते. जस्त जितकं जास्त तितका हा धोका मोठा. पिवळाधमक ओतीव माल बहुधा जास्त जस्ताचा असतो. साखळीवर कुठे गुलाबी चट्टा दिसला की तिथे कानशीचा एक हात मारून बघा. खालीही गुलाबीच लागलं तर कडी बदलायची.

पितळेचा दुसरा शत्रू गोठा. ठोकून किंवा वाकवून घडवलेल्या पितळेत ताण राहिलेला असतो. त्याला अमोनिया लागला की धातू न झिजताच चिरा जातात. ब्रिटिश फौजेच्या भारतातल्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात अशाच चिरा पडत. घोड्यांच्या तबेल्यातला अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण १९२१ च्या सुमारास नीट उलगडलं. घराशेजारी गोठा, शेणखताचा ढीग किंवा कोंबड्यांचं खुराडं असेल तर पितळी साखळी त्या बाजूला नको. तापवून ताण काढलेलं पितळ याला जास्त टिकतं. कासाराला 'घडवल्यावर तापवून दे' एवढं सांगितलं की तो समजतो.

कथील घातलेलं ओतीव कांसं मिठाला पितळेपेक्षा खूप चांगलं टिकतं, पण ते ठिसूळ असतं. वाऱ्याने खांबावर आदळलं तर टवका उडतो. कांसं घ्यायचंच तर फक्त खालच्या टोकाच्या वजनासाठी किंवा घंटेसारख्या एखाद्या दागिन्यासाठी घ्यावं.

माळ्यावर पडलेली जुनी फुलपात्रं ओवून साखळी करायची टूम सध्या बरीच दिसते. कल्पना चांगली आहे, फक्त तळाला पाडायचं भोक २० मिमीपेक्षा लहान नको. लहान भोक आंब्याच्या एका पानाने बुजतं, वाटीत पाणी राहतं आणि डासांची सोय होते.

अॅल्युमिनियम, जीआय आणि लोखंड

अॅल्युमिनियम हलकं असतं आणि तोच त्याचा दोष. तांब्याची साखळी सरळ लोंबते तिथे अॅल्युमिनियमची वाऱ्यावर नाचते आणि पाणी पडवीत फेकते. घ्यायची तर अॅनोडाइझ केलेली, म्हणजे विजेने वर ऑक्साइडचा कडक थर चढवलेली, थर २५ मायक्रॉनचा, आणि खाली चांगलं वजन बांधून. ओलं सिमेंट किंवा चुना तिला लागू देऊ नका. रंगकाम चालू असेल तर साखळी काढून ठेवा. पावडर कोटिंग कड्यांच्या घर्षणात टिकत नाही.

जीआयमध्ये दोन जाती आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हार्डवेअरच्या दुकानातली चकचकीत साखळी विजेने जस्त चढवलेली असते, थर ५ ते १२ मायक्रॉन. पहिल्या पट्ट्यात वर्षाला ४ ते ८ मायक्रॉन जातात हे वर आलंच. म्हणजे एक-दोन वर्षांत खेळ खलास. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या, म्हणजे हॉट डिप, जाड मालावर ८० मायक्रॉनच्या आसपास थर असतो. तो पहिल्या पट्ट्यात दहा वर्षांच्या वर आणि आतल्या भागात त्याहून बराच टिकतो. ओळख अशी: हॉट डिप माल राखाडी, थोडा खडबडीत आणि कुठे कुठे जस्ताचे थेंब गोठलेला असतो. पत्र्याच्या वाट्या करून घेत असाल तर 'जीएसएम', म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम जस्त, ते विचारा. १२० जीएसएम हा आकडा दोन्ही बाजूंचा मिळून असतो, एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन. २७५ जीएसएम म्हणजे एका बाजूला साधारण १९. शिवाय पत्रा कापला की कडा उघड्याच पडतात.

साधं लोखंड रंगवून लावणं म्हणजे दर दिवाळीला घासकाम. मजबूत वाटावी म्हणून घेतलेली ६ मिमीची कडीसुद्धा पहिल्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी मिळून वर्षाला ०.४ मिमीपर्यंत जाऊ शकते, आणि कड्या टेकतात तिथे त्याहून जास्त. 'कॉपर फिनिश' म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बऱ्याच साखळ्या आतून लोखंडच असतात.

दुकानात तपासायचं कसं

चुंबक स्टेनलेसचा नंबर सांगत नसला तरी इथे उपयोगी आहे. तांबं, पितळ, कांसं, अॅल्युमिनियम यांना चुंबक मुळीच चिकटत नाही. 'तांब्याच्या' साखळीला चिकटला तर आत लोखंड आहे. नाही चिकटला तर कडीच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, बारीक कानस फिरवा. रंग खालपर्यंत लाल असला तर तांबं, खाली पांढरं निघालं तर मुलामा. तरी शंका असेल तर एक सुटी कडी वजन करा, मग मापाच्या भांड्यात पाण्यात बुडवून पाणी किती मिलिलिटर चढलं ते बघा. वजनाला त्याने भागलं की तांब्याचं उत्तर ८.९ च्या जवळ येतं, पितळेचं साधारण ८.५, स्टीलचं ८ च्या आसपास, जस्ताच्या ओतीव मिश्रणाचं ६.६-६.७ आणि अॅल्युमिनियमचं २.७. एका कडीवर फरक नीट कळत नाही, चार-पाच एकत्र बुडवा.

करून घेणाऱ्यांसाठी हिशेब असा. पन्हळीपासून खालच्या दोणीपर्यंत २.५ मीटर, कडी ६ मिमी सळीची, आतला व्यास ५० मिमी. प्रत्येक कडी लांबीत ५० मिमी भर घालते, म्हणजे ५० कड्या. एका कडीला साधारण १७६ मिमी सळी, एकूण ८.८ मीटर. कापण्यात जाणारं धरून साडेनऊ मीटर घ्या. तयार वजन तांब्यात सुमारे २.२ किलो, स्टेनलेसमध्ये २ किलो, अॅल्युमिनियममध्ये पाऊण किलोच्याही आत. वाट्यांची हवी असेल तर वर ९० मिमी, खाली ५० मिमी, उंची ८० मिमीची वाटी ०.७ मिमी, म्हणजे २२ गेजच्या, तांब्याच्या पत्र्यात सव्वाशे ग्रॅमच्या आत-बाहेर बसते. दर १२५ मिमीला एक, अशा २० वाट्या लागतील.

कड्यांची तोंडं उघडी ठेवू नका. तापवून मऊ केलेली तांब्याची उघडी कडी वानराने एकदा झोका घेतला की 'सी' होते, आणि वानर झोका घेतंच. तांब्याची तोंडं फॉस्फर-कॉपरच्या कांडीने ब्रेझ करून, म्हणजे कांडी ज्योतीवर वितळवून जोडून, घ्या. फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडे ती असते. तीच कांडी स्टीलवर वापरू नका, जोड ठिसूळ होतो. शिशाचा साधा झाळ ताकदीला कमी, आणि पाणी टाकीत साठवणार असाल तर मुळीच नको.

अडकवण: खरी नाजूक जागा

साखळी बहुधा तुटत नाही, अडकवण तुटतं. पन्हळीच्या भोकावर आडवी टाकलेली दांडी वर्षभर पाल्याच्या ओल्या लगद्यात रुतलेली असते. त्यावर मीठ, माती, पक्ष्यांची विष्ठा. साखळी कुठल्याही धातूची असो, ही दांडी आणि तिच्याखालचा शॅकल (पिनेने बंद होणारी 'यू' आकाराची कडी) ३१६ चाच ठेवा. ८ मिमीची दांडी, भोकाच्या दोन्ही बाजूंना निदान ४० मिमी टेकेल एवढी लांब.

दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की कमकुवत आधी जातो. अॅल्युमिनियम किंवा जीआयच्या पन्हळीत स्टेनलेस किंवा तांबं थेट टेकवू नका. मधे नायलॉनचा वॉशर घाला किंवा दांडीवर पारदर्शक पीव्हीसी नळीचा तुकडा चढवा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा नको, रबरातल्या गंधकाने तांबं काळं होतं. पाण्याची दिशाही बघावी लागते. जस्त किंवा अॅल्युमिनियमच्या पन्हळीखाली तांब्याची साखळी चालते, कारण पाणी वरून खाली येतं. तांब्याच्या पन्हळीखाली जीआयची साखळी मात्र चालत नाही. तांब्याच्या साखळीला जीआयचा स्क्रू किंवा बांधायची तारही नको.

पीव्हीसीच्या पन्हळीला धातूची भानगड नाही, पण वजनाची आहे. साखळीचा भार पन्हळीवर न देता वाशाला पट्टी ठोकून तिच्यावर घ्या. पत्र्याचं छप्पर असेल तर लोखंडी ट्रसवर.

लावताना

१. छपराचा किती भाग या तोंडाला येतो ते मोजा. उतारावरचं नव्हे, जमिनीवर पडणाऱ्या सावलीइतकं क्षेत्रफळ धरा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १० चौरस मीटरवर तासाला १०० मिमीच्या वेगाने कोसळला तर हजार लिटर, म्हणजे मिनिटाला १७ लिटर, साधारण एक मोठी बादली. कड्यांची साखळी आपल्याकडच्या पावसात याच्या पुढे नेऊ नये, वाट्यांची थोडी जास्त घेते. पडवी, पोर्च, न्हाणीचं छप्पर एवढ्याला साखळी शोभते. मुख्य छपराला पाइपच हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसात ९४४ मिमी पडला होता, म्हणून पन्हळीला वरून वाहून जायला एक जादा तोंड ठेवा.

२. पन्हळीला तोंडाकडे मीटरला ५ मिमी उतार द्या. तोंडाला खाली निमुळती होणारी नळी बसवा म्हणजे धार साखळीच्या मध्यावर पडेल. नळीही धातूचीच असेल तर साखळीच्याच धातूची.

३. दांडी, वॉशर, शॅकल बसवा. शॅकलची पिन हाताने पूर्ण आवळून ३१६ च्या तारेने बांधा, नाहीतर वाऱ्याने फिरून सुटते.

४. बादलीने पाणी ओतून बघा. धार सुटून बाहेर उडत असेल तर बहुधा नळी वाकडी असते, साखळी नाही.

५. खालचं टोक सैल बांधा, २०-३० मिमी ढिलाई ठेवून. ताणून बांधली की वाऱ्याचा प्रत्येक हिसका अडकवणावर जातो. ३० सेमी लांब-रुंद-उंच काँक्रीटचा ठोकळा ६५ किलोच्या आसपास भरतो, तो ओतताना त्यात ३१६ चा आय-बोल्ट, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट, बसवा. जांभ्याच्या चिऱ्यात फासणारा अँकर बोल्ट भरवशाचा नाही, चिरा भोकापासून फुटतो.

६. शेवटची कडी मातीत गाडू नका. ओली माती आणि हवा यांच्या सीमेवर कुठलाही धातू सगळ्यात आधी जातो. कडी गोट्यांच्या थराच्या वर हातभर नसली तरी चार बोटं अधांतरी राहू द्या.

वर्षभराची निगा

पाऊस थांबल्यावर, साधारण दसऱ्याच्या सुमारास, पन्हळीतला लगदा काढा आणि साखळी गोड्या पाण्याने वरून खालपर्यंत धुवा. मग मे अखेरीपर्यंत पहिल्या पट्ट्यात दर पंधरवड्याला, बाकीकडे महिन्याला एकदा पाण्याचा एक फवारा पुरतो, पण वळचणीखालच्या हातभर भागावर पहिला. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. अशा पाण्याने धुणं म्हणजे मीठ चोळणं, तेव्हा नळाचं वापरा.

तांबं-पितळ चिंचेने किंवा आमसुलाच्या पाण्याने घासायचा मोह होतो. देव्हाऱ्यातल्या भांड्यांना ते ठीक, साखळीला नको. बसलेला संरक्षक थर निघून जातो, कडीच्या बेचक्यात आंबट पाणी राहतं आणि पुढच्या आठवड्यात तिथेच हिरवे ठिपके उठतात. मीठ-लिंबू तर अजिबात नको. स्टेनलेसवरचे तपकिरी डाग पातळ साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या घासणीने काढा. लोखंडी तारेची घासणी लावलीत तर डाग वाढतील. फरशीचं अॅसिड किंवा ब्लीचिंगचं पाणी साखळीच्या आसपास वापरत असाल तर आधी ती काढून ठेवा, ३१६ सुद्धा त्यातून वाचत नाही.

मृगाच्या आधी एकदा शिडी लावा. शॅकल सोडून दांडी हातात घेऊन बघा, वॉशर चिरले असतील तर बदला. सगळ्यात वरच्या तीन कड्या एकमेकींवर टेकतात त्या जागी कॅलिपरने मापा. मूळ जाडीचा चौथा हिस्सा गेला असेल तर कडी बदलायची. या कड्या खाली फिरवून खालच्या वर आणल्या तरी साखळी आणखी काही वर्षं काढते. वादळाचा इशारा आला तर साखळी सरळ उतरवून ठेवावी. तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून गेलं आणि निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, दोन्ही वेळा ऐन पावसाच्या तोंडावर, म्हणजे साखळी टांगलेली असतानाच. दोन-चार किलो धातू पन्हळीला लोंबकळत ठेवला तर वादळात आधी पन्हळ जाते, मग तिच्यावरची कौलं.